आईच्या दुकानातलं गार पाणी

भिंगरीच्या आईचं सलून होतं आणि त्या सलूनचा एक नियम होता. केस धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही, आणि गार पाण्याने धुवायचे नाहीत, गिऱ्हाइकाला सर्दी होते. आता यात वाईट काय, सांगा बरं? काहीच नाही! म्हणून तर इतकी वर्षं कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

खरी मेख होती मागच्या खोलीत. तिथे बॉयलर होता, आणि बॉयलरमधून बेसिनकडे जाणाऱ्या पाइपाला लाल दांडीचा एक व्हॉल्व्ह होता. बाबांनी तो बसवला होता दुरुस्तीसाठी. आईने त्याचा भलताच उपयोग शोधून काढला. पुलापलीकडचं कुणी दारात आलं, म्हणजे ते काळे, दाट कुरळ्या केसांचे लोक, की आई हातातला कंगवा निळ्या औषधाच्या बरणीत टाकायची आणि काचेवर दोनदा वाजवायची. टण टण. की मागच्या खोलीत स्टुलावर टॉवेलच्या घड्या घालत बसलेल्या भिंगरीने लाल दांडी आडवी करून गरम पाणी बंद करायचं. मग आई गिऱ्हाइकाला अगदी प्रेमाने बेसिनपाशी न्यायची, गरम पाण्याचा नळ सोडायची, त्याखाली आख्खा तळवा धरायची आणि म्हणायची, "अगंबाई! बघा ना, गारढोण. आज नाही हो जमायचं."

आणि वर शेखी काय? "मी जन्मात कधी खोटं बोलले नाही." बरोबरच आहे ना, पाणी गारच असायचं!

लहानपणी भिंगरीला हा खेळ वाटायचा. पटकन दांडी फिरवली की आत्या, म्हणजे दुसऱ्या खुर्चीवर काम करणारी बाबांची बहीण, डोळा मारायची. "आमची भिंगरी म्हणजे घराण्याचा खांब हो," म्हणायची. कुणाला आवडणार नाही खांब व्हायला?

पण मग शाळेच्या टीममध्ये गोलकीपर आली. पुलापलीकडची, भिंगरीपेक्षा वीतभर उंच, आणि बोलायला एक नंबरची फटकळ. पहिल्याच दिवशी भिंगरीला म्हणाली, "तू बॉलच्या मागे पळतेस की बॉल तुझ्या मागे?" झालं, तेव्हापासून दोघींचं गूळपीठ. गोलकीपर घरी यायची, जेवायची, आईने तिला स्वतःच्या हाताने वाढलं होतं, "घे गं, लाजू नकोस" म्हणून. त्यामुळे भिंगरीला वाटलं, हिचं वेगळं असेल.

टीमचा फोटो निघणार होता. गोलकीपर म्हणाली, "मी तुझ्या आईकडे येते केस धुऊन बांधून घ्यायला. गिऱ्हाईक म्हणून हं, फुकट नको."

भिंगरीने घरी विचारलं. आई म्हणाली, "बघू."

आता तुमच्याही घरी आई आहे, "बघू" म्हणजे काय ते मी सांगायला नको.

"बघू म्हणजे हो का नाही?"

"अगं, घरी येऊ दे ना तिला, मी कधी नाही म्हटलं? दुकानाचं वेगळं असतं. त्या पोस्टातल्या बाई त्याच बेसिनमध्ये मान टेकतात. त्यांनी नाक मुरडलं की त्यांच्या चार मैत्रिणी गेल्या."

"पण मुरडलंय का त्यांनी कधी?"

"मुरडायची वाट बघत बसू का?" आई म्हणाली, आणि विषय संपला. तिच्यापुरता.

भिंगरीने गोलकीपरला सांगायला हवं होतं, येऊ नकोस म्हणून. पण कसं सांगणार? तोंड उघडलं की आईचे वाभाडे निघणार, आणि आई ती आईच. त्यामुळे ती गप्प बसली, शनिवारची दुपार आली आणि दारावरची घंटी वाजली.

"नमस्कार काकू! आले मी."

दुकान भरलेलं. आत्या पोस्टातल्या बाईंचे केस कापत होती. आणि आई एक क्षणभर थांबली, हं, थांबली ती, भिंगरीने पडद्याच्या फटीतून बघितलं, आणि मग कंगवा बरणीत गेला.

टण टण.

भिंगरीचा हात सवयीने दांडीवर गेलासुद्धा! इतका राग आला तिला त्या हाताचा. तिने तो मांडीखाली दाबून ठेवला आणि त्यावर बसून राहिली.

बाहेर आईने नळ सोडला. आणि इतक्या वर्षांच्या भरवशाने आख्खा तळवा खाली धरला. पाणी कसलं, कडकडीत! एरवी त्यात गार पाणी मिसळूनच वापरायचे. आई अशी किंचाळली की आत्याने बाईंची एक बट भलतीच कापली.

सगळ्यात आधी पोचली कोण? गोलकीपर. तिने झडप घालून आईचं मनगट पकडलं, दुसरा नळ सोडला आणि हात गार पाण्याखाली धरून ठेवला. आई हात सोडवायला बघत होती आणि ही सोडेना. "थांबा काकू, लगेच नाही काढायचा. थांबा म्हणते ना!"

वाफ वर चढली आणि आरसा धुरकट झाला. सगळं दुकान बघत होतं.

"म्हणजे गरम पाणी असतं तर," गोलकीपर हळूच म्हणाली. "माझी ताई म्हणालीच होती, त्या दुकानात जाऊ नकोस, तिथे आपण गेलो की नेहमी पाणी गार असतं. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, माझ्या मैत्रिणीचं दुकान आहे."

पडद्याआड भिंगरीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

आणि आई काय म्हणाली माहितेय? तिने लाल झालेला तळवा वर केला आणि म्हणाली, "हात भाजला गं. आज नाही जमायचं."

तेही खरंच होतं! याचीच तर चीड यायची, आईचं सगळं नेहमी खरंच असायचं!

भिंगरी ताडकन बाहेर आली. "मी धुते हिचे केस."

"नको," गोलकीपर म्हणाली. "तू माझी मैत्रीण आहेस, तू काय, नदीवरही धुशील. मला त्या खुर्चीत बसायचं होतं." दारापाशी ती वळली. "पुढच्या शनिवारी येते काकू. आणि त्याच्या पुढच्याही. गोलकीपर आहे मी, एक जागा धरून उभं राहणं एवढंच येतं मला."

रात्री जेवताना आत्याचा तोफखाना सुटला. "सख्ख्या आईचा हात भाजला पोरीने! घराण्याचा खांब म्हणे. वाळवी आहे वाळवी!"

"तू कुणाची गं?" आईने विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझी का तिची?"

"तुझीच! म्हणून तर!" भिंगरीचा आवाज फाटला. "तुला नको असेल तर तू तोंडाने नाही म्हण ना तिला! माझ्या हाताने काय पाणी बंद करतेस?" तिने खिशातून लाल दांडी काढून दाखवली, दुकानातून निघताना उपसून आणलेली, आणि परत खिशात घातली.

बाबा इतका वेळ पानात बघत होते. "पक्कडीनेही फिरतो तो व्हॉल्व्ह," ते म्हणाले. भिंगरीला वाटलं, संपलं, हेही तिकडचेच. "ठेवतो आणून तिथे. पण ज्याला फिरवायचाय त्याने आपला फिरवावा."

पुढच्या शनिवारी पक्कड बॉयलरवर, भिंगरी स्टुलावर, आणि घंटी वाजली.

"नमस्कार काकू. हात कसा आहे?"

टण टण.

भिंगरीने टॉवेलची घडी घातली.

टण टण. या वेळी जरा जोरात.

तिने दुसरी घडी घातली. पडदा सरकला आणि आई आत आली. ती पक्कड उचलून व्हॉल्व्हला लावायला गेली, पण तळव्याला पट्टी होती. जोर लावला की कळ यायची. एकदा, दोनदा. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, कळेचं की कशाचं कोण जाणे.

"फिरव," आई म्हणाली.

"नाही."

"आई म्हणून सांगतेय."

"म्हणूनच नाही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सारखीच नाकं, सारखाच हट्ट. भिंगरीला आईच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

बाहेरून आवाज आला, "काकू? खुर्ची रिकामी आहे. बसू का?"

आईने पक्कड खाली ठेवली. हसली नाही, की भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, तसलं काही नाही. बाहेर गेली, नळ सोडला आणि या वेळी आधी फक्त करंगळीचं टोक लावून बघितलं.

ती आत्याला घुश्श्यातच म्हणाली, "माझा हात चालत नाहीये. हिचे केस तू धू."

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. पोस्टातल्या बाई मासिक चाळत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.