कोमट मुळांचे वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे हं! मला चहूबाजूंनी काच आहे आणि मिठाचा एक कण ठेवलात तरी मी त्याचे वजन सांगतो. कारखान्यातल्या तपासनिसाने मला पुन्हापुन्हा पारखले आणि मगच माझ्यावर शिक्का उमटवला. तेव्हापासून मला जरा तोरा आहे. वाऱ्याची झुळूक, टेबलाला धक्का, गरम भांडे, यातले काहीच मला खपत नाही.

प्रयोगशाळेत माझी मोठी बडदास्त असे. मऊ ब्रशने तबकडी झाडल्याशिवाय मला कुणी हात लावत नसे. मग नवा काटा आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. तिथे माझ्या वाट्याला आली तुफान. हे तिचे खरे नाव नव्हे, पण सगळे तिला तसेच म्हणत. नव्या काट्यासमोर रांगेत उभे राहणे तिला जमत नसे.

ती रोपांच्या मुळांवर संशोधन करत होती. काही रोपांच्या मातीत तिने एक बुरशी मिसळली होती, बाकीच्यांची माती साधी होती. मुळे ओव्हनमध्ये वाळवायची आणि माझ्यावर मोजायची. बुरशीवाली मुळे पुष्कळ जड भरली. तिने हौसेने शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला. तो स्वीकारला गेल्याशिवाय तिला पदवी मिळणार नव्हती, आणि वाढवून घेतलेली मुदतही संपत आली होती. वडिलांचा फोन आला की ती विषय बदलायची.

मग नियतकालिकाने नेमलेल्या दोन परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याने कौतुक केले. दुसऱ्याने लिहिले, "साध्या मातीतल्या मुळांची वजने फारच विखुरलेली दिसतात. ओव्हनमधून काढल्यावर ती थंड होऊ दिली होती का?"

तुफान भडकली. "मुळं थंड झाली का, म्हणे! याला दुसरं काही सुचलं नाही?" माझ्याशेजारी बसूनच तिने झणझणीत उत्तर लिहिले आणि मार्गदर्शक बाईंना दाखवले.

बाईंनी ते वाचून चष्मा काढला. "सगळं लिहिलंस. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. थंड केली होतीस का?"

तुफान म्हणाली, "बुरशीवाली केली होती, बाई. साधी... त्या दिवशी घाई होती." आणि खालच्या आवाजात, "'हो' लिहिलं तर कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या. "मुळं आहेत ना अजून पाकिटात?" आणि आपला तास घ्यायला निघून गेल्या.

मित्रांनो, गरम वस्तू ठेवली की माझ्या काचेतली हवा तापून वर चढते आणि वस्तू आहे त्याहून हलकी भरते. मला ओरडून सांगता येत नाही. शेवटचे आकडे तेवढे थरथरतात.

तुफानने साधी मुळे पुन्हा वाळवली. त्यांची एक डबी मुद्दाम गरमच माझ्यावर ठेवली आणि काच लावली. आकडा दिसला, जवळजवळ जुनाच. मग तो वर सरकू लागला. डबी निवत होती, वजन वाढत होते आणि तिने शोधलेला फरक तिच्या डोळ्यांदेखत कमी होत होता.

"थांब ना रे," ती मला म्हणाली.

मला तिची फार दया आली. पण डबी पुरती निवेपर्यंत मी थांबू शकत नव्हतो.

नंतर तिने एकूण एक मूळ बंद बरणीत थंड करून मोजले. फरक उरला, पण जेमतेम निम्मा. पहिले उत्तर तिने पुसून टाकले आणि नवे लिहिले, "आपली शंका बरोबर आहे. काही मुळे आम्ही कोमट असतानाच मोजली होती. सगळी पुन्हा मोजून नवी वजने दिली आहेत आणि आमचा दावा तेवढा कमी केला आहे." आणि ते पाठवून दिले.

निकाल येईपर्यंत तिच्या जिवाला चैन नव्हते. काम नसतानाही ती येऊन माझी काच पुसायची.

अखेर दुसऱ्या परीक्षकाचा शेरा आला, "पहिल्या वेळी मला सगळ्याच आकड्यांची शंका आली होती. आता जो फरक उरला आहे, त्यावर माझा विश्वास बसला. निबंध छापावा." त्या दिवशी तिने आपणहून वडिलांना फोन लावला.

मित्रांनो, आता मी थकलो आहे, माझे आकडे सावकाश येतात. माझी काच पुसा, मला धक्के देऊ नका, आणि काही गरम आणलेत तर ते निवेपर्यंत धीर धरा. तुफान आता इथेच शिकवते. गरम डबी घेऊन कुणी धावत आले की ती त्याला बसायला माझ्यासमोर एक स्टूल ओढून देते.