कळशी वर येईपर्यंत

जोआनाने आजवर औषधांच्या खोक्यांवर नाही नाही ते काढलं होतं, पण बोंबील काढायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छापखान्यात ती डिझायनर होती. गोळ्यांची नावं, बाण, उन्हापासून जपा म्हणणारा सूर्य, असली चित्रं काढण्यात तिची बारा वर्षं गेली होती. आता जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती संगीताची स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लुळा, पांढरा मासा काढत बसली होती, आणि याला कारण होता तिचा ऑगस्टीन मामा.

मामा म्हणजे गावठाणातल्या बँडचा मास्तर. चाळीस वर्षं त्याच्या कॉर्नेटशिवाय, म्हणजे त्या आखूड ट्रम्पेटसारख्या वाद्याशिवाय, गावात कुणाची पोरगी उजवली नव्हती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी काढून आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे मामा आणि त्याच्या हातात कॉर्नेट, असं ठरलेलंच. पण दोन वर्षांपूर्वी मोनिका मामी गेली, त्याच साली मामाचे डोळे अधू झाले, आणि कॉर्नेट पेटीत गेला तो गेलाच.

आता लग्न होतं खुद्द त्याच्या लेकीचं, टिनाचं. टिनाने बापाला सरळ सांगून टाकलं होतं, "पपा, तू वाजवणार नसशील तर मी पाणी आणायला जाणारच नाही. नळाखाली बसेन."

"मला चालींची वही दिसत नाय, तर मी काय करू?" मामा म्हणाला. "वहीशिवाय मी उभा राहत नाय."

यातली गंमत अशी की वहीतली एकूण एक चाल त्याला तोंडपाठ होती. झोपेतून उठवलं तरी त्याने बरोबर वाजवली असती. पण वाजवताना वही समोर लागायचीच, हा त्याचा जुना हट्ट. जोआनाला क्लॅरिनेट त्यानेच शिकवलं होतं, त्यामुळे मामा एकदा अडून बसला की काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. मामा वाजवणार नाही ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. म्हणून तिने ठरवलं, चाल सॉफ्टवेअरमध्ये उतरवायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरएवढ्या कागदावर छापून त्याच्यापुढे ठेवायची. मोठं अक्षर त्याला दिसत होतं.

वही मामाने मामीच्या कपाटात कुलूपबंद केली होती. ती मागायची सोय नव्हती. पण ट्रम्पेट वाजवणाऱ्या लेस्टरने कधीकाळी तिची झेरॉक्स काढून ठेवली होती. तिच्यावरून जोआनाने चार दिवसांत विहिरीची चाल उतरवली, छापली आणि मोठ्या तोऱ्यात मामापुढे नेऊन पसरली.

मामाने कागद नाकाशी धरला. वरून खाली पाहिला. "झकास आहे," तो म्हणाला. "पण हे कुणाचं गो?"

"तुझंच! विहिरीची चाल."

"माझा बोंबील कुठे मग? मिशी कुठे? कळशी कुठे?" असं म्हणून त्याने कागदाची गुंडाळी केली आणि परत तिच्या हातात दिली.

तर, मामाच्या वहीत चारचौघांसारख्या खुणा नव्हत्या. सूर घसरत घसरत वर न्यायचा असेल तिथे तो बोंबील काढायचा, कारण तसा घसरणारा दुसरा जीव त्याच्या पाहण्यात नव्हता. सूर ठासून फुंकायचा तिथे मिशी. आणि शेवटी कळशी. म्हणजे विहिरीतून कळशी वर येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवत राहा. सॉफ्टवेअरमध्ये या सगळ्याला पुस्तकी चिन्हं होती आणि जोआनाने तीच घातली होती. तिला वाटलं होतं, अर्थ तोच आहे ना!

तिला राग आला, मग हसू आलं, आणि दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली.

सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची चिन्हं घालता येतात, पण लाड करून घेतल्याशिवाय ते काही ऐकत नाही. पहिला बोंबील इतका लठ्ठ झाला की लेस्टर म्हणाला, "हा तर हलवा मासा आहे, यार!" दुसरा बेताचा झाला, पण सूर सरकवला की तो जागेवरच राहायचा. त्याला सुराशी बांधावं लागलं. लेस्टरच्या ट्रम्पेटसाठी पट्टी बदलली, तर सगळे बोंबील पोहत खालच्या ओळीत गेले. कळशीने तर अंतच पाहिला. सॉफ्टवेअर दर वेळी विचारायचं, किती वेळा वाजवायचं? दोनदा? तीनदा? टिना कळशी किती वेळात ओढेल हे त्या बिचाऱ्याला काय सांगणार? शेवटी जोआनाने आकड्याचा नाद सोडला आणि नुसती कळशी काढून ठेवली. काठाला छोटीशी दोरीसुद्धा काढली.

राहिली एक खूण. तिसऱ्या पानावर, विसाव्या घराच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या सुरांच्या, डोक्यावर, लंबगोल आणि आत बारीक बारीक वळलेल्या रेषा. झेरॉक्समध्ये ती शिंपलीसारखी दिसत होती.

"हे काय आहे रे?" तिने लेस्टरला विचारलं.

"शिंपली असेल. तिथे काय करायचं ते मला कधीच कळलं नाय. मामा तिथे आला की गालात हसायचा. म्हणून आम्ही पण हसायचो, आणि आमचे सूर फाटायचे."

नवीन काहीतरी विचारून मामाला पुन्हा बिथरवायची जोआनाची तयारी नव्हती. तिने शिंपली जशीच्या तशी काढली. एकेक रेष गिरवायला दोन जेवणाच्या सुट्ट्या गेल्या. जे करायचं ते नीट, हा तिचा खाक्या.

पाण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, बँड मामाच्या ओट्यावर जमला. जोआनाने नवे कागद स्टँडला चिमट्यांनी लावले. मामा आतून आला, तो मुळात नुसतं बघायला म्हणून. कॉर्नेटची पेटी आतच होती.

पहिलं पान पाहून तो हसला. "हा माझा बोंबील!" त्याने बोट लावून पाहिलं. "आणि ही मिशी जरा माझ्या बापासारखी झाली गो." लेस्टरने जोआनाला डोळा मारला. दुसरं पान झालं. तिसरं पान आलं, आणि विसाव्या घरापाशी मामाचं बोट थांबलं.

जोआनाला वाटलं, संपलं, वाट लागली.

"हे तू काढलंस?" मामाने विचारलं.

"हो. झेरॉक्समध्ये जसं होतं तसंच. शिंपली आहे ना?"

"शिंपली काय, शिंपली? मोनिकाचा अंगठा आहे तो!"

मग त्याने सांगितलं. मे महिना होता, अंगणात वर्षभराचा बॉटल मसाला कुटून बाटल्यांत भरायचं चाललं होतं, आणि मामा ओट्यावर सराव करत होता. वाऱ्याने पान उलटलं. मामी मसाल्याच्या हाताने धावत आली आणि पानावर अंगठा दाबून उभी राहिली. "मी तिच्यावर केवढा ओरडलो! वहीची वाट लावलीस म्हणालो. दोन दिवस बोललो नाय तिच्याशी. तिसऱ्या दिवशी वाजवायला बसलो, आणि अंगठा बघून मलाच हसू आलं. तेव्हापासून वही समोर लागायची. चाल काय, ती पाठच होती."

त्याने डोळे पुसले. "दोन वर्षं झाली, मला तो दिसत नव्हता."

जोआनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मसाल्याचा डाग तिने चिन्ह म्हणून गिरवला होता, तोही तीन वाद्यांच्या कागदांवर! "मामा, सॉरी. मी आत्ता काढून टाकते."

"काढून तर बघ!" मामा गरजला.

"पण मग तिथे वाजवायचं काय?" लेस्टरने अगदी साळसूदपणे विचारलं.

मामाने जरा विचार केला. "काय नाय वाजवायचं. तिथे सगळ्यांनी एक मात्रा गप्प बसायचं. बाई पान धरून उभी असताना गप्प बसावं, एवढी अक्कल मला तेव्हा असायला हवी होती." आणि दाराकडे वळून तो ओरडला, "टिना! पेटी आण गो माझी!"

शनिवारी संध्याकाळी सगळं गावठाण विहिरीवर लोटलं. बायका लाल लुगड्यांत, पोरं कठड्यावर, आणि मामा नव्या शर्टात सगळ्यांच्या पुढे. त्याच्यासमोर ते कॅलेंडरएवढे कागद. बोंबील घसरले, मिश्या ठासल्या, आणि अंगठ्यापाशी अख्खा बँड एक मात्रा गप्प झाला. तेवढ्यात विहिरीत कळशी पाण्याला टेकल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मामा गालात हसला आणि पुढचा सूर असा लागला की जोआनाच्या अंगावर काटा आला.

टिना दोरी ओढत होती. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. चौथीच्या शेवटी कळशी काठावर आली. नियमाप्रमाणे चाल इथे संपायची. जोआनाने क्लॅरिनेट खाली घेतलं.

मामाने कॉर्नेट ओठांवरून काढला आणि कळशीत डोकावून पाहिलं. "अर्धीच आहे गो," तो टिनाला म्हणाला. "परत सोड."

कळशी काठोकाठ भरलेली होती. टिनाचे पाय भिजले होते. तिने बापाकडे पाहिलं, मग त्या तिसऱ्या पानाकडे पाहिलं, आणि कळशी विहिरीत रिकामी करून परत दोरी सोडली.

जोआनाने लेस्टरकडे वळून बोट फिरवलं. "पहिल्यापासून," ती म्हणाली.