पूजेला नेलेलं हँडल

सांगलीला भूपालअण्णांच्या कारखान्यात लॉरीच्या लोखंडी सांगाड्यावर सागवानी बॉडी बसवून मोटारी तयार करत. सगळी यंत्रं एकाच तेलाच्या इंजिनावर, पट्ट्यांनी फिरत. इंजिन हंबीररावाच्या हाती असे. लढाईत लष्करी वर्कशॉपात राहून तो एक शिस्त शिकून आला होता. ज्याला यंत्रात हात घालायचा असेल, त्यानं आधी इंजिनाचं हँडल काढून आपल्या कमरेला खोचायचं. हँडलाशिवाय इंजिन सुरूच होत नसे. म्हणजे आत शिरलेल्या माणसाचा जीव त्याच्या स्वतःपाशीच राही.

शेहेचाळीस सालची खंडेनवमी. सुतार गुंडा करवतीच्या यंत्राखाली भुसा काढत होता, हँडल कमरेला. इकडे पाटावर रंधे, हातोडे, पाने मांडून झाले. इंजिनाचं हँडल मात्र नव्हतं. हंबीरराव खाली वाकला.

"गुंडा, हँडल दे रं. पूजेला पायजे."

"आज बी मला सुखानं बसू देत न्हाईस गड्या!" गुंडानं हँडल पुढं केलं.

"भाईर ये की."

"एवढा पट्ट्याखालचा भुसा काढतो. खोबरं ठेव मला. समदं एकटा खाऊ नगंस."

हँडलाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. भूपालअण्णा म्हणाले, "हंबीरराव, शकुनाचे दोन फेरे होऊ द्या."

सगळे हात जोडून उभे होते. त्या गर्दीत गुंडाही असणार, असं हंबीरराव धरून चालला. फेरे द्यायचा दरवर्षीचा मान हंबीररावाचाच. त्यानं हँडल लावून जोर केला. पट्टा हलला, आणि करवतीखालून किंकाळी आली.

दुपारी मिरजेच्या दवाखान्यात गुंडाची तीन बोटं काढावी लागली. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको अंजना बसली होती.

"आवं भावजी, अण्णा म्हणत्यात, त्येनं चालू यंत्रात हात घातला. एवढं खुळं हाय का माझं मानूस?"

अण्णांचा शब्द मोडला तर नोकरी जाणार, हे हंबीररावाला ठाऊक होतं. तरी तो तिच्यासमोर येऊन बसला.

"न्हाई वैनी. यंत्र बंद हुतं. हँडल त्येच्याकडनं मीच नेलं. अन् इंजिन बी मीच फिरवलं."

 अंजना भिंतीकडं तोंड फिरवून म्हणाली, "त्यो सुदीवर आला की ह्येच सांगा. अण्णांच्या म्होरं सांगा."

हंबीररावानं होकारार्थी मान हलवली. आत गुंडा कण्हू लागला होता.