गाणारं पातं

झोलिंगेन गावात वस्तरे घासावेत ते एंगेलबर्टनंच. त्याचं पातं मधे इतकं खोलगट आणि पातळ असे, की दाढी करताना ते गायचं. न्हावी गिस्बर्टला तो म्हणाला, "याच पात्यानं कुनो लोहाराची दाढी कर. रक्त नाही निघालं, तर माझी पोरगी आगाथा तुझी."

कुनोची दाढी म्हणजे तारांचा ब्रश. पहिल्याच हाताला पातळ पातं थरथरून केसांवर नाचू लागलं. एंगेलबर्ट मात्र डोळे मिटून नुसतं गाणं ऐकत बसला होता. गिस्बर्टनं हळूच आजोबांचा पाचरीसारखा जाडजूड वस्तरा काढला. तो वस्तरा मुकाट्यानं राठ केस कापत गेला, आणि गाणं चालू राहावं म्हणून डाव्या हातातल्या पातळ पात्याला गिस्बर्ट नखानं टिचक्या मारत राहिला. कुनो फेसाआड हसू दाबत होता.

दाढी झाल्यावर एंगेलबर्टनं लोहाराच्या गालावर बोट फिरवलं.

"रक्त नाही. पण राठ केसांत माझं पातं घोगरं गातं, जावईबापू. आज त्याचा गळा फारच साफ होता."

गिस्बर्टचा चेहरा पडला.

"दे की रे पोरगी," कुनो म्हणाला. "तुझ्या पात्यानं माझा गाल सोलला असता."

"दिली," एंगेलबर्ट कुजबुजला. "पण दाढी माझ्याच पात्यानं झाली, असं गावभर सांगायचं. दोघांनीही."