पडद्यावर सगळं ठीक होतं

धाकट्याला नको तिथे हात घालायची खोड लहानपणापासूनची. आता त्याच खोडीचा त्याला पगार मिळत होता, त्यामुळे कोणी बोलायची सोय उरली नव्हती. मागच्या सुट्टीत घरी आला तेव्हा बाबांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घेतो हे पाहून यालाच धीर धरवेना. बाबांची काही तक्रार नव्हती. तरी गड्याने बाह्या सरसावल्या आणि त्या कॉम्प्युटरसाठी स्वतःच्या हाताने नवा कर्नल बांधायला घेतला.

कर्नल म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा. कॉम्प्युटरला काय काय जोडलंय, त्याच्याशी कसं बोलायचं, हे त्यालाच ठाऊक. तो बांधताना प्रश्नांची रांग लागते: हे ठेवू की काढू? धाकटा सपासप काढत सुटला. मागच्या बाजूच्या जुनाट सिरियल पोर्टची, म्हणजे वायर खुपसायच्या एका खाचेची, पाळी आली तेव्हा तो चक्क हसला. हे आजकाल वापरतं कोण? काढलं. जागा अडवतो म्हणून जुना, चालता कर्नलही पुसून टाकला. कॉम्प्युटर चुटकीसरशी सुरू झाला, बाबा आत झोपले होते, आणि स्वारी गाडी पकडायला धावली.

त्याच पोर्टला बाबांचा डबा जोडलेला होता, पण मागे वाकून बघतो कोण? बाबांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. डोळे गेल्यावर पडद्यावरचा मजकूर हा डबा त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. तो जोडाक्षरं गिळायचा आणि बाबा त्याला दटावायचे, "नीट म्हण, मेल्या!" बातम्या, जुन्या सोबत्यांच्या मेल, सगळं ते कोणाची मिनतवारी न करता वाचत.

काही दिवसांनी बाबांचा फोन आला. "अरे, डबा बोलत नाही."

धाकटा कामात होता. त्याने फोन ताईकडे द्यायला सांगितला. "ताई, पडद्यावर सगळं दिसतंय ना?"

"दिसतंय की."

"मग कॉम्प्युटर ठणठणीत आहे. बाबांनीच कुठलं तरी बटण दाबलं असणार."

न दिसणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरची तब्येत या शहाण्याने पडद्यावरून ठरवली! बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. धाकट्याला वाटलं, मिटलं.

पुढच्या सुट्टीत आला तर कीबोर्डवर टॉवेल घातलेला.

"बाबा, हल्ली बसत नाही?"

"नको रे. माझ्या हातून बिघडलं काहीतरी."

"मी कामावरून आले की थोडं वाचून दाखवते," ताई हळूच म्हणाली. "पण मी दमलेली असते ना, मग तेच म्हणतात राहू दे."

धाकट्याने वायर बदलून पाहिली, आवाज वाढवून पाहिला. डब्याचं चाचणीचं बटण दाबलं तर डबा स्वच्छ बोलला. म्हणजे डबा धडधाकट. मग कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर सरकणाऱ्या ओळी तो थांबवून थांबवून वाचू लागला. त्यात सिरियल पोर्टचं नावच नव्हतं. आपण हसलो होतो, ते त्याला आठवलं. हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याने त्याची बिनपाण्याने केली असती.

त्याने पोर्ट ठेवून कर्नल पुन्हा बांधला. डबा खरखरला आणि पहिली ओळ वाचू लागला. धाकट्याने बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"बाबा, तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं. मीच बिघडवलं, आणि वर तुम्हालाच बोललो. चुकलो मी."

"असू दे रे. चालू झालं ना?"

डबा ओळ संपवून थांबला. पुढची ओळ ऐकायला एक बटण दाबायचं होतं, ज्यावर इतकी वर्षं बाबांचं बोट आपसूक जायचं. बाबांचे हात मांडीवरच होते.

"दाबा ना, बाबा."

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"कुठलं दाबलं तर चालेल," ते म्हणाले, "ते तूच सांग."