बटण कुणी फिरवलं

कंपनीत कॅप्टनना सगळे मौनीबाबा म्हणत. अर्थात माघारी, तोंडावर म्हणायची छाती कुणाची! विमान दहा हजार फुटांच्या खाली आलं की उतरण्याच्या कामाखेरीज अवांतर बोलायचं नाही, असा नियमच आहे. बाकीचे पायलट तो पाळतात, मौनीबाबा तो इतरांकडून पाळून घेत. काट्यानं दहा हजार दाखवले की ते एक बोट वर उचलत, बस्स. मग शेजारच्यानं ब्र काढायचा नाही. एका को-पायलटनं खालची नदी बघून नुसतं "वा!" म्हटलं, तर उतरल्यावर त्याची अशी काही हजेरी घेतली की बिचाऱ्यानं पुन्हा नदीकडे बघितलंच नसेल.

आणि अशा माणसाचं विमान चुकलं ते बोलण्यापायी! बोलणं तरी कसलं, भांडण. तेही पोटच्या पोराशी.

पोरगा त्याच कंपनीत को-पायलट. त्याला सगळे छोटा म्हणत. तिशी ओलांडली, लग्न झालं, तरी छोटाच. बापलेकांना एका विमानात बसवायची कंपनीत पद्धत नव्हती. पण मौनीबाबांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली, आणि त्यांनी ड्युट्या लावणाऱ्या बाईंकडे शब्द टाकला, "एकदा तरी लेकाला शेजारी घेऊन उडू द्या." बाई विरघळल्या. छोटाही हरखला, खोटं कशाला बोला. या दिवसाची त्यानं लहानपणापासून वाट बघितली होती. शर्टाला इस्त्री केली, पुन्हा केली, आणि बायकोनं चिडवलं तरी तिसऱ्यांदा केली.

माशी शिंकली ती सकाळी चहाच्या वेळी. आईच्या तोंडून निघून गेलं, की पोरांनी भाड्यानं वेगळं घर बघितलंय. मौनीबाबांनी कप खाली ठेवला आणि उठले. गाडीत गप्प, विमानतळावर गप्प, जाताना गप्प. येताना विमान छोट्यानं चालवायचं आणि बाबांनी रेडिओ सांभाळायचा, असं ठरलं होतं. उतरायला सुरुवात झाली, काटा दहा हजारांवर आला. छोटा बोट वर जायची वाट बघत होता. बोट गेलंच नाही.

त्यानंतर काय झालं ते चौकशीच्या खोलीत कॉकपिटमधल्या टेपवरून सगळ्यांनी ऐकलं. लांब टेबल, पाण्याचा जग, पलीकडे तीन अधिकारी. मधल्या अध्यक्षबाई स्वतः जुन्या पायलट. खोलीबाहेर बाकावर विमानातली एअर होस्टेस बसली होती, कोपरात सळ्या घातलेल्या. आत जाताना तिनं छोट्याला अडवलं होतं.

"सर, माझी नोकरी तर गेल्यात जमा आहे," ती म्हणाली. "या हातानं ट्रॉली ओढवत नाही. निदान कुणामुळे गेली ते तरी कळू दे मला. खरं सांगाल ना?"

"सांगू की," छोटा म्हणाला. त्याला अगदी खात्री होती.

टेप सुरू झाली.

"घर बघितलंस म्हणे."

"सर, नंतर बोलू या."

"नंतर कधी? सामान हलल्यावर? आईला सांगतोस आणि बापाला नाही?"

"सर, प्लीज."

"तुझी अक्कल नाही ही. तिची आहे. आमच्या घरात काय काटे टोचतात का तिला?"

"बाबा, तिला मधे आणू नका!"

बाईंनी टेप थांबवली. "इथून तुमचं 'सर' म्हणणं सुटलं," त्या छोट्याला म्हणाल्या. त्याची मान खाली गेली. चार परक्या माणसांसमोर आपल्या बायकोचा उद्धार ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

टेप पुढे चालली. विमानतळावरच्या कंट्रोलच्या माणसानं रेडिओवर सांगितलं, आठ हजारांवर थांबा. मौनीबाबांनी उत्तर दिलं, आठ हजार, आणि त्याच श्वासात पुढचा टोमणा. आता कॉकपिटमध्ये दोघांच्या मधोमध एक गोल बटण असतं. त्यावर जो आकडा लावाल त्या उंचीला विमान जाऊन थांबतं. बटण फिरवायचं विमान चालवणाऱ्यानं, म्हणजे त्या दिवशी छोट्यानं. आणि दोघांनीही बोट दाखवून तो आकडा मोठ्यानं म्हणायचा. दुसऱ्याच्या कामात हात घालायचा असेल तर आधी "माय कंट्रोल" म्हणायचं, समोरच्यानं "युअर कंट्रोल" म्हणून ते सोडायचं. पाळण्यातल्या पोराला बाळगुटी पाजावी तसं हे पायलटला पाजलेलं असतं.

त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही. बटण फिरलं आणि आठाऐवजी सहावर थांबलं. विमान आठ हजारांखाली घसरलं तेव्हा खाली दुसरं विमान होतं. धोक्याचा आवाज झाला, छोट्यानं विमान खेचून वर घेतलं, आणि मागे ट्रॉली आवरणारी पोरगी तोल जाऊन कोपरावर आपटली.

बटण फिरल्याची नोंद मशीनमध्ये होती. कुणाच्या हातानं फिरलं, ते मशीनला कळत नाही. ते दोघांनाच ठाऊक.

छोट्याला तो हात लख्ख आठवत होता. बाबांचा हात. तोच हात, ज्यानं सायकल शिकवताना हँडल ओढून घेतलं, गणिताच्या वहीवरची पेन्सिल हिसकावली, त्याच्या लग्नाच्या जेवणाचा बेतसुद्धा परस्पर बदलला. "दे इकडे" एवढंसुद्धा न म्हणता. बाबांनी हात पुढे केला की आपला मागे घ्यायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. म्हणून तर त्यानं आकडा तपासला नाही. ती चूक त्याची होती आणि ती तो कबूल करणार होता.

"बटण कुणी फिरवलं?" बाईंनी आधी छोट्याला विचारलं.

त्यानं बाबांकडे बघितलं. बापाकडे बोट दाखवायचं? ते सांगतीलच की स्वतः. नियमाच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणारा माणूस!

"ते कॅप्टन सांगतील," तो म्हणाला.

मौनीबाबा ताठ बसले होते. निवृत्तीनंतर ट्रेनिंग सेंटरमध्ये नव्या पोरांना शिकवायची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, आणि तिला मोठा डाग चालणार नव्हता.

"नियमाप्रमाणे ते बटण विमान चालवणारा फिरवतो," ते म्हणाले. "आणि विमान माझा को-पायलट चालवत होता."

"नियम मला माहीत आहे. मी हात विचारला."

"मला आठवतं ते एवढंच."

काय सफाई! खोटं म्हणून एक अक्षर सापडणार नाही.

बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला यावर काही सांगायचंय?"

त्यानं तोंड उघडलं. टेबलावर ठेवलेल्या बाबांच्या हाताचं एक बोट वर उचललं गेलं. एकच, जरासं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"नाही," छोटा म्हणाला. बाहेर पडताना बाकावरच्या पोरीकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही. थू असल्या मुलगेपणावर, असं त्याचं त्यालाच वाटलं.

महिन्याभरात निकाल आला. छोट्याचं लायसन्स वर्षभर बंद. नंतर सगळ्या परीक्षा नव्यानं, आणि कंपनी परत घेईल की नाही त्याचा भरवसा नाही. मौनीबाबांना बोलल्याबद्दल तीन महिने बंदी. त्यातले दोन निवृत्तीत जाणार, म्हणजे बंदी कुणाला, तर घरी बसलेल्या माणसाला! ट्रेनिंग सेंटरची जागाही शाबूत. शिकवणार काय, तर कॉकपिटमधली शिस्त. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आईला एवढंच सांगितलं गेलं होतं, की पोरानं चुकीचं बटण फिरवलं. निकालानंतर एका दुपारी ती भाजी निवडत बसली होती, सूनबाई कामावर गेली होती. घर देणाऱ्या एजंटचा फोन आला. छोटा उठून खिडकीपाशी गेला, हळू आवाजात मुदत मागू लागला. पगार बंद झाला होता, पण बायको म्हणत होती, माझ्या पगारात भागवू, मीठभाकरी खाऊ, पण जाऊ.

मौनीबाबा पेपर बाजूला ठेवून त्याच्यामागे येऊन उभे राहिले.

"कशाला हवंय आता घर?" ते म्हणाले. आवाजात चक्क माया होती. "वर्षभर इथंच राहा. मी आहे ना. थांब, मीच सांगतो त्याला." आणि त्यांनी छोट्याच्या हातातून फोन काढून घेतला.

छोट्याचा हात सवयीनं मागे गेला. मग तो हळूच, स्पष्ट शब्दांत म्हणाला, "युअर कंट्रोल."

"माय कंट्रोल," मौनीबाबा म्हणाले. पस्तीस वर्षांची सवय. जीभ थांबते कशाला! शब्द बाहेर पडले आणि मग त्यांना ते ऐकू आले. चेहरा पांढराफटक पडला. फोन कानाशी तसाच राहिला.

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. ती पायलटची बायको आणि पायलटची आई. हे शब्द कधी म्हणतात ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, मग लेकाच्या रिकाम्या हाताकडे.

"त्या दिवशीही असंच झालं का रे?" तिनं विचारलं.

"नाही आई," छोटा म्हणाला. "त्या दिवशी काही म्हणालेच नाहीत."

फोनमधून एजंट विचारत होता, घर ठेवायचं का सोडायचं, तेवढं सांगा. आई उठली, नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "ठेवा हो. येतायत पोरं राहायला."