पुन्हा म्हण

"पुन्हा म्हण."

"वेन."

"वरचे दात खालच्या ओठावर. हवा सोड. व्हेन, म्हणजे शीर."

"वेन," दीपा म्हणाली आणि स्वतःच हसली.

पुसदला औषधाच्या दुकानावरच्या खोलीत इंद्रजीत आडेचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालायचा. बारा विद्यार्थी, त्यात चार नर्सेस. दीपा राठोड त्यांतली सगळ्यात हुशार. दोन वर्षं ती एका खाजगी हॉस्पिटलात काम करत होती. तान्ह्या लेकराच्या हातातली शीर कुणाला सापडेनाशी झाली, की दीपालाच हाक मारत. आठ दिवसांनी तिची मुलाखत होती. परदेशातल्या एका हॉस्पिटलची, कॉम्प्युटरवरून.

"सर, शीर सापडली म्हंजे झालं ना?" ती म्हणाली. "पेशंट थोडीच इचारते, सिस्टर तुमी कोणता व म्हटला मनून!"

सगळा वर्ग खदखदून हसला. इंद्रजीतला कळत होतं की हे हसू त्याच्यावर नाही. तरी त्याचे कान तापले.

"समोर ये," तो म्हणाला.

त्यानं तिच्या हातात छोटा आरसा दिला आणि शब्दांची यादी धरली. व्हेन, वॉर्ड, व्हॉमिट, वॉटर. ती म्हणायची, तो मान हलवायचा. "पुन्हा." थोड्या वेळानं पोरं हसायची थांबली. ती मात्र म्हणतच होती, कारण तो थांबू देत नव्हता. आधी बरे येणारे शब्दही आता बिघडायला लागले. वॉटरचं व्हॉटर झालं. तिच्या खालच्या ओठावर दातांचे पांढरे वण उमटले. मागच्या बाकावरून कुणीतरी मोबाईल वर धरला होता, तो इंद्रजीतला दिसला; पण त्यानं काही म्हटलं नाही.

वर्ग सुटायची वेळ झाली तेव्हा दीपानं आरसा टेबलावर पालथा ठेवला आणि चप्पल घालून निघून गेली.

इंद्रजीत फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. घरी गोरबोली, आश्रमशाळेत मराठी, आणि इंग्रजी सगळ्यात शेवटी, रेडिओ आणि डिक्शनरीतून कमावलेली. एम. ए. झाल्यावर सात वर्षं तो कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिला. कायम होण्याची आशा सुटली तेव्हा व्हिएतनामला गेला, समुद्रकाठच्या एका शहरातल्या भाषा केंद्रात, मुलांना इंग्रजी शिकवायला.

सुरुवातीचे महिने चांगले गेले. पोरं त्याच्या अंगाखांद्यावर खेळत. मग वर्गाच्या काचेबाहेर बसणाऱ्या आईबापांनी तक्रार केली, की आमची मुलं या माणसासारखी बोलायला लागली. एके दिवशी केंद्राच्या मुख्य बाई वर्गात आल्या. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, व्हेस्ट आणि वेस्ट. आठ-आठ वर्षांच्या मुलांनी एकेक करून बरोबर म्हणून दाखवले. मग बाई त्याच्याकडे वळल्या. "आता सर." त्याला जमलं नाही. "अगेन, प्लीज," बाई गोड आवाजात म्हणाल्या. किती वेळा म्हणाल्या, ते त्याला आठवत नव्हतं. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी स्वतःचा ओठ दाताखाली धरून त्याला दाखवत होती, असं सर, असं. ती तेवढी आठवत होती.

त्यानंतर त्याला मागच्या खोलीत अभ्यासाचे कागद जुळवायला बसवलं आणि वर्ष भरायच्या आत परत पाठवलं. घरी त्यानं व्हिसा संपल्याचं सांगितलं. पुसदच्या पेंटरनं वर्गाच्या पाटीवर आपल्या मनानं 'फॉरेन रिटर्न' लिहिलं, तेही त्यानं पुसायला लावलं नाही.

दोन दिवसांनी ममता वर्ग सुटल्यावर थांबली. ती दीपाच्याच हॉस्पिटलात नर्स होती.

"सर, हे ग्रुपवर फिरून राह्यलं," ती मोबाईल पुढे करत म्हणाली. "डॉक्टर लोकायनं बी पाह्यलं. बंद करायले सांगा न कोणाले."

इंद्रजीतनं पाहिलं. आपण 'पुन्हा' म्हणत होतो असं त्याला वाटत होतं. पण पडद्यावरचा माणूस म्हणत होता, "अगेन. अगेन, प्लीज." आवाजही त्याचा नव्हता. तो गोड होता.

"दीपा कुठं आहे?"

"येत नाई मनते. मी लय समजावलं तिले."

त्यानं फोन केले. तिनं उचलले नाहीत. त्यानं व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकायला लावला. तोवर तो कुठंकुठं पोचला होता. मुलाखत गुरुवारी होती. शुक्रवारी ममता वर्गात आली आणि दारातच उभी राहिली.

"काय झालं?"

"मी बाजूलेच होती, सर. मुलाखतीवाल्या मॅडमनं नाव इचारलं. तं नाव बी नाई सांगितलं तिनं. तोंडावर हात ठेवून बसली निसती. मॅडम मने, टेक युवर टाइम. तरी नाई. मंग त्यायनंच बंद केलं."

रविवारी तो बसनं दीपाच्या तांड्यावर गेला. तिची आई सुखीबाई अंगणात कापूस निवडत होती. तिनं लगबगीनं खाट टाकली.

"तुमी आले, बरं झालं, सर. पोरगी घरात बोलेच ना. काहून, मले तं समजून नाई राह्यलं." ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "तिचा बाप नाई मने, दुसऱ्याच्या देशात कायले धाडता पोरीले. मी मनलं, आडे सर आपल्यातलेच हायेत, आपल्या पोरीले सांभाळून घेतीन."

दीपा पाणी घेऊन आली. तांब्या ठेवून ती जायला निघाली, तसा तो म्हणाला, "दीपा, थांब जरा." सुखीबाई चहा ठेवायला आत गेली.

मग त्यानं आजवर कुणालाच न सांगितलेलं तिला सांगितलं. बाई, फळा, ती मुलं, मागची खोली, व्हिसाची थाप. मान खाली घालून सगळं सांगितलं. सांगताना त्याला हलकं वाटत गेलं, आणि वाटलं की हिला आता कळेल.

दीपा खांबाला टेकून ऐकत होती.

"म्हंजे तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कसं लागते ते."

ती आत गेली. चहा सुखीबाईनंच आणून दिला.

मुलाखतीची दुसरी संधी आली नाही. इंद्रजीतनं मुलाखत ठरवणाऱ्या एजंटाला दोनदा गाठलं. जागा भरल्या होत्या. दीपा पुन्हा हॉस्पिटलात जायला लागली. डॉक्टर इंग्रजीत काही बोलले, की ती मान हलवते आणि काम करून मोकळी होते, असं ममता सांगायची. मग ममताचीही मुलाखत झाली, ती पास झाली आणि गेली.

श्रावणात इंद्रजीतची आई लालीबाई तापानं फणफणली. तिला पुसदला आणावं लागलं. वॉर्डात दीपाच ड्यूटीवर होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हातारीच्या उशाशी बसून ती "याडी, याडी" अशी आईला मारावी तशी हाक मारत गोरबोलीत काहीबाही विचारत राहिली. कुठल्या तांड्यावरची, माहेर कुठलं, काय खाल्लं सकाळी. तीन दिवस तोंड न उघडलेली लालीबाई तापातही हसून बोलायला लागली. इंद्रजीत खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्या दोघींच्या बोलण्यात शिरायला त्याला जागा नव्हती.

काम आटोपून दीपा कागद घेऊन त्याच्यासमोर आली. पेनचं टोपण काढलं.

"पेशंटचे कोण तुम्ही?" तिनं शुद्ध, पुस्तकी मराठीत विचारलं.

"मुलगा," तो म्हणाला.

तिनं तसं लिहिलं, कागद त्याच्याकडे फिरवला आणि सही करायची जागा बोटानं दाखवली.